शस्त्रं परदेशात, हिशेब मतदारसंघात

परदेशी लष्करी मदतीची बातमी आपण युद्धाची बातमी म्हणून वाचतो. अमेरिकेनं युक्रेनला अमुक अब्ज डॉलरची शस्त्रं दिली, स्लोव्हाकियानं देणं बंद केलं, इस्रायलला जाणारे बॉम्ब मध्येच रोखले. यामागे युद्धनीती असते, जुनी मैत्री असते, समान शत्रू असतो, हे खरंच आहे. पण रक्कम किती, ती कोणत्या महिन्यात जाहीर होणार, कुठल्या खात्यातून निघणार आणि कुठे अडकून पडणार, हे बऱ्याच वेळा देणाऱ्या देशातल्या निवडणुकीवरून ठरतं.

नाशिक जिल्ह्यात हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. ती उठवली ४ मे २०२४ ला, तीसुद्धा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मे ला होतं. दोन्ही जागा महायुतीच्या हातून गेल्या. दिंडोरीत तर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. मग १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभेच्या तोंडावर, किमान निर्यात मूल्य काढून टाकलं आणि शुल्क निम्म्यावर, म्हणजे २० टक्क्यांवर आलं. कांदा महागला तर देशभरच्या गिऱ्हाइकाला थोडी थोडी झळ बसते. लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या उत्पादकाचं मात्र अख्खं वर्ष त्या भावावर उभं असतं. ज्याला थोडं लागतं तो मत देताना आणखी दहा गोष्टी बघतो. ज्याचं वर्ष जातं तो त्या एकाच गोष्टीवर मत देतो. लष्करी मदतीचं राजकारण याच नियमानं चालतं. तिथे लासलगावच्या जागी मिशिगनमधलं डिअरबॉर्न येतं, पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन येतं, नाहीतर पोलंडमधला धान्य पिकवणारा शेतकरी.

पैसे कुणाच्या खिशातून

सगळ्यात मोठा देणारा देश अमेरिका, म्हणून आधी तिथली यंत्रणा बघू. "अमेरिकेनं मदत दिली" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे व्यवहार लपलेले असतात आणि प्रत्येकाचं राजकारण वेगळं असतं.

पहिला व्यवहार कोठारातून थेट देण्याचा. १९६१ च्या परदेशी मदत कायद्याच्या कलम ५०६ नुसार राष्ट्राध्यक्ष अमेरिकी सैन्याच्या साठ्यातली शस्त्रं उचलून दुसऱ्या देशाला देऊ शकतात. हा सगळ्यात वेगवान मार्ग. काही दिवसांत किंवा आठवड्यांत माल पोहोचतो. एरवी याची वार्षिक मर्यादा १० कोटी डॉलर असते. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी काँग्रेसनं (तिथल्या संसदेनं) ती २०२२ च्या आर्थिक वर्षासाठी ११ अब्ज डॉलरपर्यंत वाढवली. (डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १ अब्ज डॉलर म्हणजे ८,५०० कोटी रुपये.)

इथे एक खोच आहे. देण्याचा अधिकार आणि रिकामं झालेलं कोठार पुन्हा भरण्याचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा द्यायचा की नाही ते काँग्रेस ठरवते. २०२३ च्या अखेरीस नेमकं हेच झालं. युक्रेनला आणखी सुमारे ४ अब्ज डॉलरचा माल देण्याचा अधिकार कागदावर शिल्लक होता, पण भरपाईचा पैसा संपला होता. आपल्याच सैन्याचा साठा रिकामा ठेवून माल पाठवण्याची जोखीम पेंटागॉन (अमेरिकेचं संरक्षण खातं) घेईना. २७ डिसेंबर २०२३ ला २५ कोटी डॉलरचं शेवटचं पॅकेज गेलं आणि पुरवठा जवळजवळ थांबला. मार्चमध्ये ३० कोटी डॉलरचं एक पॅकेज निघालं, तेही जुन्या कंत्राटांत वाचलेल्या पैशातून.

दुसरा व्यवहार कारखान्याला नवी ऑर्डर देण्याचा. युक्रेनसाठी याची वेगळी योजना आहे. सरकार अमेरिकी कंपनीशी करार करतं, माल तयार होतो आणि मग जातो. यात महिने जातात, हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांसारख्या गोष्टींत वर्षं जातात. म्हणून आज जाहीर झालेली मदत पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात पोहोचते आणि तिचं श्रेय किंवा खापर भलत्याच्या नावावर जमा होतं.

तिसरा व्यवहार दरवर्षीच्या लष्करी अनुदानाचा. इस्रायलला वर्षाला ३.३ अब्ज डॉलर आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेसाठी आणखी ५० कोटी, इजिप्तला वर्षाला सुमारे १.३ अब्ज. चौथा व्यवहार साध्या विक्रीचा, म्हणजे घेणाऱ्यानं पैसे मोजायचे. त्यातही मोठ्या व्यवहाराची सूचना काँग्रेसला द्यावी लागते. नाटो देश, इस्रायल, जपान वगैरेंसाठी १५ दिवस आधी, इतरांसाठी ३० दिवस आधी.

बातमी वाचताना यातला व्यवहार कोणता हे आधी ओळखावं. पहिल्या प्रकारात राष्ट्राध्यक्षाची मर्जी जास्त चालते, दुसऱ्या-तिसऱ्यात काँग्रेसची, आणि काँग्रेस म्हटलं की मतदारसंघ आला.

मतदार यावर मत देत नाही, तरी भीती का?

नोव्हेंबर २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं गेलं, तुमच्या मताला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता? परराष्ट्र धोरण असं उत्तर देणारे होते सुमारे ४ टक्के. लोकशाही आणि अर्थव्यवस्था प्रत्येकी ३० टक्क्यांच्या वर होते. म्हणजे युक्रेनला काय द्यावं, इस्रायलला काय देऊ नये, यावर बहुतेकांचं मत ठरत नाही. मग नेते एवढे का घाबरतात?

पहिलं कारण गैरसमजाचं. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात परदेशी मदतीचा वाटा बरीच वर्षं १ टक्क्याच्या आसपास राहिला आहे. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या पाहण्यांत लोकांचा सरासरी अंदाज मात्र एकचतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त निघत आला. ज्याला वाटतं की आपल्या कराच्या चार डॉलरमधला एक बाहेर जातो, त्याला "आधी आपल्या सीमेवरचं बघा" ही हाक लगेच पटते. हाक देणाऱ्याला आकडा खोटा सांगावाही लागत नाही. समोरच्याच्या मनात तो आधीच बसलेला असतो.

दुसरं कारण पक्षांतर्गत निवडणुकीचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. आपल्याकडे उमेदवाराचा एबी फॉर्म पक्षाचं नेतृत्व देतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे प्रायमरीत मतदारच ठरवतात. या मतदानाला फार थोडे लोक येतात आणि येतात ते कट्टर. प्रतिनिधिगृहाच्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या) ४३५ जागांपैकी बहुतेक जागा एकाच पक्षाच्या हक्काच्या असल्यामुळे खासदाराची खरी लढत नोव्हेंबरात होत नाही, प्रायमरीत होते. देशभरची पाहणी काहीही सांगो, त्याच्या डोळ्यांपुढे तेच काही हजार मतदार असतात.

पैसाही तिथेच ओतला जातो. जून २०२४ मध्ये न्यू यॉर्कमधले डेमोक्रॅट खासदार जमाल बोमन प्रायमरीत हरले. गाझा युद्धात इस्रायलला मदत देण्याचे ते टीकाकार. त्यांच्याविरुद्ध इस्रायल-समर्थक गट एपॅकशी जोडलेल्या संघटनेनं १.४ कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. ऑगस्टमध्ये मिसुरीत कोरी बुश हरल्या. तिथे सुमारे ८५ लाख डॉलर. दोघांच्या पराभवाला दुसरीही कारणं होती आणि बहुतेक जाहिराती इस्रायलवर बोलतही नव्हत्या. पण बाकीच्या खासदारांनी घ्यायचा तो बोध घेतला.

तिसरं कारण काठावरच्या राज्यांचं. राष्ट्राध्यक्षपदासाठी ५३८ पैकी २७० निर्वाचक मतं लागतात आणि जवळपास सगळ्या राज्यांत जिंकणारा त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो. कॅलिफोर्नियात लाखभर मतं इकडची तिकडे झाली तर काही फरक पडत नाही. मिशिगनमध्ये पडतो. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन सुमारे १ लाख ५४ हजारांनी.

२७ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनच्या डेमोक्रॅट प्रायमरीत १ लाखाहून जास्त लोकांनी "अनकमिटेड" म्हणजे "कुणालाच बांधील नाही" या पर्यायावर शिक्का मारला. गाझात चाललेल्या युद्धाला शस्त्रं पुरवू नका, हा त्यांचा निरोप होता. अरब वंशाची मोठी वस्ती असलेलं डिअरबॉर्न या मोहिमेचं केंद्र होतं. मे महिन्यात बायडन यांनी इस्रायलला जाणारी एक खेप रोखली: २,००० पौंडी १,८०० बॉम्ब आणि ५०० पौंडी १,७०० बॉम्ब. कारण दिलं गाझातल्या राफा शहरावरच्या संभाव्य हल्ल्याचं, आणि ते कारण खरं होतंच. जुलैत ५०० पौंडी बॉम्ब सोडले, मोठे रोखूनच ठेवले. या अर्ध्या पावलानं कुणाचंच समाधान झालं नाही. इस्रायल-समर्थकांना तो विश्वासघात वाटला, डिअरबॉर्नला धूळफेक. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पुढे गेले, डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस दुसऱ्या आल्या आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनीही बरीच मतं खाल्ली. मिशिगन सुमारे ८० हजारांनी गेलं. हॅरिस काठावरची सातही राज्यं हरल्या, त्यामुळे केवळ गाझामुळे निवडणूक गेली असं म्हणणं चूक ठरेल. आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रोखलेले ते २,००० पौंडी बॉम्ब सोडले. निषेधाचं मत देणाऱ्याला हवं त्याच्या नेमकं उलटं धोरण पदरी पडू शकतं. दोनच मोठे पक्ष असलेल्या व्यवस्थेत हा धोका कायम असतो.

अडलेले महिने

या सगळ्या कड्या एकत्र कशा लागतात, ते ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात फार स्पष्ट दिसलं.

त्याआधी, २०२२ च्या अखेरीपर्यंत, काँग्रेसनं चार विधेयकांतून युक्रेनसाठी सुमारे ११३ अब्ज डॉलर मंजूर केले होते. दोन्ही पक्षांचे लोक बाजूनं होते. २०२३ मध्ये प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाच्या हाती आलं, पण काठावरच्या बहुमतानं. ३० सप्टेंबरला सरकार बंद पडू नये म्हणून तात्पुरतं खर्च विधेयक मंजूर झालं, त्यातून युक्रेनचा पैसा वगळावा लागला. तरीही ३ ऑक्टोबरला सभापती केव्हिन मॅकार्थी यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी हटवलं, आणि त्या मतदानाची सुरुवात त्यांच्याच पक्षाच्या मूठभर खासदारांनी केली होती. तीन आठवडे सभागृहाला सभापतीच नव्हता. २५ ऑक्टोबरला माइक जॉन्सन आले. बायडन यांनी तोवर युक्रेन, इस्रायल, तैवान आणि अमेरिकेची सीमा या सगळ्यांसाठी मिळून सुमारे १०६ अब्ज डॉलर मागितले होते.

चार विषय एका मोळीत बांधण्यामागे हिशेब होता: युक्रेनला विरोध करणारा इस्रायलसाठी तरी हो म्हणेल. रिपब्लिकनांनी उलटी अट घातली, आधी मेक्सिकोच्या सीमेचा कायदा कडक करा. सिनेटमध्ये (काँग्रेसच्या वरच्या सभागृहात) दोन्हीकडच्या लोकांनी महिनोन् महिने घासाघीस करून तसा मसुदा बनवला. तो ४ फेब्रुवारी २०२४ ला बाहेर आला आणि तीन दिवसांत पडला. सीमेचा प्रश्न सुटला तर निवडणुकीत वापरायला उरणार नव्हता. ट्रम्प यांनी या मसुद्याला उघड विरोध केला आणि ज्यांनी अट घातली होती तेच मागे फिरले. मग सिनेटनं सीमा बाजूला ठेवून ९५ अब्ज डॉलरचं विधेयक १३ फेब्रुवारीला ७० विरुद्ध २९ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधिगृहात जॉन्सन ते मतदानालाच घेईनात. घेतलं तर सभापतिपद जाण्याची धमकी होती.

चार दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, पूर्व युक्रेनमधलं अवदीव्का शहर रशियाच्या हाती पडलं. व्हाइट हाउसनं याचं एक कारण काँग्रेसची निष्क्रियता असं सांगितलं. एप्रिलमध्ये युरोपातले अमेरिकी सेनापती जनरल कॅव्होली यांनी खासदारांना सांगितलं की युक्रेनच्या एका गोळ्यामागे रशिया पाच गोळे डागतोय आणि मदत आली नाही तर काही आठवड्यांत हे प्रमाण दहास एक होईल.

शेवटी २० एप्रिलला मतदान झालं: युक्रेनच्या बाजूनं ३११, विरोधात ११२. रिपब्लिकन खासदारांपैकी १०१ बाजूनं आणि ११२ विरोधात होते. म्हणजे सभापतींनी आपल्याच पक्षाच्या बहुमताविरुद्ध विधेयक मंजूर करून घेतलं. ८ मे रोजी त्यांना हटवण्याचा प्रस्ताव आलाही, पण डेमोक्रॅटांनी त्यांना वाचवलं. २४ एप्रिलला बायडन यांची सही झाली आणि त्याच दिवशी १ अब्ज डॉलरचा माल सुटला. तो आधीच तयार होता.

याच कायद्यात एक तारीख दडलेली आहे. रिपब्लिकनांना मतदारापुढे जाऊन "फुकट दिलं नाही" म्हणता यावं, म्हणून सुमारे ९.५ अब्ज डॉलरची आर्थिक मदत (ही लष्करी नव्हे) कर्ज म्हणून दाखवली. कर्ज माफ करण्याची तरतूदही त्यातच होती, पण निम्मी माफी १५ नोव्हेंबर २०२४ नंतरच देता येईल अशी अट घातली. मतदान ५ नोव्हेंबरला होतं. बायडन यांनी त्याच महिन्यात माफीची कारवाई सुरू केली.

पैसा निघतो कुठून आणि खर्च होतो कुठे

मदतीचा बराच पैसा देणाऱ्याच्याच देशात खर्च होतो. तोफखान्याचं केंद्र असलेल्या देवळालीच्या परिसरात १५५ मिलिमीटर हा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. बोफोर्सचा तोच, आणि ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत सैन्यात दाखल झालेल्या के-९ वज्र आणि एम-७७७ तोफांचाही तोच. युक्रेनला याच व्यासाचे गोळे लाखांनी लागले. त्यांचे लोखंडी कवच पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या सरकारी कारखान्यात घडवले जातात: तापवलेला पोलादी ठोकळा दाबून पोकळ करायचा, मापात कातायचा, मग स्फोटक भरायला आयोवाच्या कारखान्यात पाठवायचा. युद्धाआधी अमेरिका महिन्याला सुमारे १४,००० गोळे बनवत होती. उद्दिष्ट १ लाखावर नेलं. रणगाडाविरोधी जॅव्हलिन क्षेपणास्त्रं अलाबामातल्या ट्रॉयमध्ये जुळवली जातात, हिमार्सची रॉकेटं आर्कान्साच्या कॅम्डेनमध्ये. मदतीचे समर्थक आपल्या सहकाऱ्याला समजवायला जातात तेव्हा हातात नकाशा असतो: तुझ्या मतदारसंघात एवढी कंत्राटं, एवढ्या नोकऱ्या.

याचंही राजकारण उलटू शकतं. २२ सप्टेंबर २०२४ ला युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की स्क्रँटनच्या कारखान्यात कामगारांचे आभार मानायला गेले, सोबत डेमोक्रॅट गव्हर्नर होते. पेनसिल्व्हेनिया काठावरचं राज्य, मतदानाला सहा आठवडे. सभापती जॉन्सन यांनी हा निवडणुकीत हस्तक्षेप आहे असं म्हणत युक्रेनच्या राजदूताला काढण्याची मागणी केली. मदत घेणाऱ्या देशानं देणाऱ्याच्या प्रचारकाळात कुठल्या राज्यात जावं, कुणाशेजारी उभं राहावं, हेही मोजूनमापून करावं लागतं.

इस्रायलच्या बाबतीतही हाच विचार आहे. पूर्वी अनुदानाचा सुमारे चौथा हिस्सा इस्रायल आपल्याच कंपन्यांवर खर्च करू शकत असे. २०१६ च्या करारानं ही सवलत टप्प्याटप्प्यानं कमी करत २०२८ च्या आर्थिक वर्षापर्यंत शून्यावर आणायचं ठरलं, म्हणजे सगळा पैसा अमेरिकी कारखान्यांत. २०२५ च्या जुलैत ट्रम्प यांनी युक्रेनसाठी काढलेला मार्ग याच्याही पुढचा: शस्त्रं अमेरिकेची, पैसे युरोपातल्या नाटो देशांचे. "आपल्या करदात्याचा पैसा जात नाही" हे वाक्य मतदाराला सांगता येतं आणि कारखानेही चालू राहतात.

युरोपात शेतकरी आणि जागांचं गणित

पोलंड हा युक्रेनच्या सगळ्यात खंबीर पाठीराख्यांपैकी एक. पण युक्रेनचं स्वस्त धान्य पोलंडच्या बाजारात साचलं आणि शेतकरी भडकला. शेतकरी सत्ताधारी पक्षाचा मतदार होता, आणि उजवीकडे त्याला ओढून न्यायला दुसरा पक्ष टपून बसलेला. सरकारनं युक्रेनच्या धान्यावर बंदी घातली. २० सप्टेंबर २०२३ ला, १५ ऑक्टोबरच्या मतदानाला महिनाही नसताना, पंतप्रधान मोराविएत्स्की म्हणाले की आता आम्ही युक्रेनला शस्त्रं देत नाही, स्वतःला सज्ज करतोय. राष्ट्राध्यक्षांना लगेच खुलासा करावा लागला की हे फक्त नव्यानं घेतलेल्या शस्त्रांबद्दल आहे. पक्षाला सगळ्यात जास्त मतं मिळाली, बहुमत मात्र गेलं.

स्लोव्हाकियात रॉबर्ट फिको युक्रेनला एक गोळीही देणार नाही असं सांगत ३० सप्टेंबर २०२३ ला जिंकले. सरकारी साठ्यातून देणं खरोखर थांबवलं. पण स्लोव्हाक कारखान्यांची विक्री चालूच राहिली. देशाचं कोठार बंद, दुकान उघडं. अशा घोषणा ऐकताना कोणता दरवाजा बंद केलाय ते विचारलं पाहिजे.

जर्मनीत युक्रेनसाठीचे जादा ३ अब्ज युरो २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीआधी अडकले. पैसा कर्ज काढून द्यायचा की दुसरीकडून कापून, यावर आघाडीतलेच पक्ष भांडत होते. निवडणूक झाल्यावर महिन्याभरात, २१ मार्चला, पैसे सुटले. त्याआधी १८ मार्चला संरक्षणखर्च कर्जमर्यादेतून मोकळा करणारी घटनादुरुस्ती जुन्याच संसदेनं करून घेतली. कारण साधं होतं: नव्या संसदेत विरोधी टोकांचे पक्ष मिळून एकतृतीयांशापेक्षा जास्त झाले असते आणि दोनतृतीयांश बहुमत जमवायला त्यांच्यापैकी कुणाची तरी मनधरणी करावी लागली असती.

आपल्याकडचं उदाहरण

भारत मदत देतो तेव्हाही राज्यांचं राजकारण आड येतं. २००९ मध्ये श्रीलंकेत एलटीटीईविरुद्धची शेवटची लढाई चालू होती आणि इकडे लोकसभा निवडणूक. द्रमुक केंद्रातल्या सरकारचा आधार. भारतानं श्रीलंकेला रडार आणि गस्तीची साधनं दिली, पण मारक शस्त्रं देणं टाळलं. ती पोकळी चीन आणि पाकिस्ताननं भरली. २७ एप्रिलला करुणानिधी मरिना किनाऱ्यावर उपोषणाला बसले. त्याच दिवशी श्रीलंकेनं जड शस्त्रं वापरणार नाही असं जाहीर केल्यावर उठले. तामिळनाडूचं मतदान १३ मे ला होतं. २०१२ मध्ये तांबरमच्या हवाई तळावर प्रशिक्षणाला आलेल्या श्रीलंकेच्या नऊ जवानांना जयललिता यांच्या विरोधामुळे बंगळुरूजवळच्या येलहंकाला हलवावं लागलं. एका प्रशिक्षणवर्गाची जागासुद्धा मतपेटीनं बदलली.

आणखी एक उदाहरण १९९८ चं आहे, ते इथल्या शेतकऱ्याला विशेष समजेल. मे महिन्यात भारत आणि पाकिस्ताननं अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकी कायद्यानं दोघांवर आपोआप निर्बंध आले. शस्त्रांवरचे निर्बंध तसेच राहिले. पण पाकिस्तान हा वॉशिंग्टन राज्यातल्या गहू उत्पादकांचा मोठा गिऱ्हाईक होता आणि कृषिकर्जाची हमीही निर्बंधात अडकली होती. जुलैत सिनेटनं ९८ विरुद्ध ० मतांनी शेतमालाला सूट देऊन टाकली. अण्वस्त्रप्रसारावर ठाम भूमिका घेणारे सिनेटर गव्हाच्या हंगामापुढे दोन महिन्यांच्या आत नमले.

पुढची बातमी वाचताना

क्रियापद बघा. "जाहीर केली", "मंजूर झाली", "करार झाला" आणि "पोहोचली" यांत महिन्यांचं, कधी वर्षांचं अंतर असतं. निवडणुकीच्या भाषणात पहिलं क्रियापद वापरतात, खंदकातल्या सैनिकाला शेवटचं लागतं.

किंमत कशी लावली ते बघा. २०२३ मध्ये पेंटागॉनला कळलं की युक्रेनला दिलेल्या जुन्या मालाची किंमत नव्या मालाच्या दरानं धरली गेली होती. घसारा वजा करून हिशेब केल्यावर ६.२ अब्ज डॉलर "शिल्लक" निघाले. मदत तेवढीच गेली होती, आकडा फुगला होता. आणि तोच फुगलेला आकडा वर्षभर प्रचारात दोन्ही बाजूंनी वापरला होता.

मुदत बघा. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला. सप्टेंबर २०२४ मध्ये युक्रेनसाठीचा ५.५ अब्ज डॉलरचा अधिकार असाच मुदत संपून जाणार होता; बायडन यांनी चार दिवस आधी त्याची मुदत वाढवून घेतली. रशियाच्या हद्दीत लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रं डागण्याची परवानगी युक्रेनला मतदान झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला मिळाली. जानेवारीत बायडन गेले तेव्हाही सुमारे ३.८ अब्जांचा अधिकार वापराविना राहिला होता.

आणि मंजूर झालेला पैसा रोखला जातोय का, तेही बघा. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी काँग्रेसनं युक्रेनसाठी मंजूर केलेले सुमारे ३९.१ कोटी डॉलर रोखले आणि २५ जुलैच्या फोनवर झेलेन्स्कींकडे बायडन यांच्याविरुद्ध चौकशीचा विषय काढला. त्यावरून महाभियोग झाला. सिनेटनं त्यांना निर्दोष सोडलं. पण जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं निर्वाळा दिला की पैसा रोखणं बेकायदा होतं. मार्च २०२५ मध्ये मदत आणि गुप्तवार्ता आठवडाभर थांबवून पुन्हा सुरू केली, तेव्हा तर अध्यक्षांना पुढच्या निवडणुकीची चिंताही नव्हती. मतदारांनी एकदा निवडून दिलं की पुढची चार वर्षं अशा निर्णयांवर त्यांचा हात राहत नाही.

इस्रायलचा दहा वर्षांचा ३८ अब्ज डॉलरचा करार १४ सप्टेंबर २०१६ ला झाला, तेव्हाच्या मतदानाला आठ आठवडे होते. तो कायदा नव्हे, समजुतीचा कागद आहे. दरवर्षी काँग्रेसनं पैसा मंजूर करावाच लागतो. त्याचं शेवटचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबर २०२८ ला संपतं, आणि अमेरिकेच्या पुढच्या राष्ट्राध्यक्षाचं मतदान आहे ७ नोव्हेंबर २०२८ ला.